फाईल कोणाची आणि बोलणी कोणाला?

कणकवली परिसरातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्राचा आशय असा:

‘मी बी.कॉम. असून एका खासगी रुग्णालयात चार वर्षे वॉर्ड क्लार्क आहे. सिस्टर मला नावाने हाक मारत नाहीत; “क्लार्क, इकडे ये” किंवा नुसते “ए”. रिपोर्ट सापडला नाही, बिल अडकले, डिस्चार्जला उशीर झाला, की नातेवाइकांसमोर मलाच बोलतात. एकदा तर फाईल टेबलावर आपटली. गेल्या पावसाळ्यात एकाच गावच्या, नाव-आडनाव सारखेच असलेल्या दोन बायका वॉर्डात होत्या आणि एकीचा रक्ताचा रिपोर्ट दुसरीच्या फाईलमध्ये लागलेला मला दिसला. मी तसे सांगितले, तर उत्तर मिळाले, “तू काय पेशंटला हात लावतेस? तुझे कागद बघ.” मात्र गर्दी असली की टीपीआरचा (ताप, नाडी, श्वसनाचा) तक्ता मलाच भरायला सांगतात. १२ मे रोजी परिचारिका दिनाचा केक कापला, तेव्हा मला फोटो काढायला उभे केले आणि नंतर केक घ्यायला कोणी बोलावले नाही. या कामाला काही किंमत आहे, की मी दुसरी नोकरी शोधावी?’

भगिनी,

आपल्या पत्रात मन दुखावणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. परंतु मी सुरुवात त्या रक्ताच्या रिपोर्टापासून करते, कारण बाकीच्या गोष्टींत आपला अपमान झाला आहे, तर या एका गोष्टीत एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतले असते. आपल्याकडे एका वाडीत एकाच आडनावाची पंधरा घरे असतात, नावेही त्याच चार-पाच देवांची, आणि सासरचे नाव आधार कार्डावर तर माहेरचे नाव शिधापत्रिकेवर, असाही प्रकार नित्याचा आहे. पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण वाढले, की रक्तातील प्लेटलेट आणि मूत्रपिंडाची स्थिती सांगणारे क्रिएटिनिन या दोन आकड्यांवर रुग्णाला येथेच ठेवायचे की गोव्यातील बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात किंवा कोल्हापूरला हलवायचे, याचा निर्णय होतो. अशा वेळी एकीचा कागद दुसरीच्या फाईलमध्ये राहणे म्हणजे काय, हे त्या सिस्टरांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचे उत्तर मला अक्षम्य वाटते. आणि मी स्वतः परिचारिका म्हणून नोकरी सुरू करून परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झालेली असल्यामुळे हे लिहिताना मला जरा जास्तच वाईट वाटते.

रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी, म्हणजे पूर्ण नाव आणि त्याबरोबर आंतररुग्ण क्रमांक (आयपी नंबर) किंवा जन्मतारीख पाहावी, आणि खाटेचा क्रमांक ओळख म्हणून कधीही धरू नये, हा रुग्णसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. तो पाळण्यासाठी रुग्णाला हात लावावा लागत नाही. कागद नीट वाचावा लागतो. वॉर्डातील प्रत्येक कागद ज्यांच्या हाताखालून जातो अशा व्यक्ती फार थोड्या असतात आणि आपण त्यांपैकी एक आहात. पुढच्या वेळी असे काही दिसले, तर ‘रिपोर्ट चुकीचा लागला आहे’ असे म्हणण्याऐवजी दोन्ही फाईली हातात घेऊन ‘सिस्टर, नाव एकच आहे, पण आयपी नंबर वेगळे आहेत, आपण पाहून खात्री करून द्या’ असे सांगावे. पहिल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीला दोष ऐकू येतो आणि दुसऱ्यात काम ऐकू येते. तरीही कोणी लक्ष दिले नाही, तर त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरांकडे जावे आणि त्या नसतील तर वॉर्डातील डॉक्टरांना सांगावे. येथे ज्येष्ठतेचा मुलाहिजा ठेवू नये. त्याशिवाय सारख्या नावाचे दोन रुग्ण दाखल झाले, की दोन्ही फाईलींच्या दर्शनी पानावर लाल शाईने ‘सारखे नाव’ असे लिहिण्याची पद्धत आपण इन्चार्ज सिस्टरांना सुचवू शकता. ही सूचना नाकारणारी परिसेविका मला अजून भेटायची आहे.

आता टीपीआरच्या तक्त्याविषयी. तो आपण भरू नये; एकदाही नाही, आणि कोणी कितीही गोड बोलले तरी नाही. तापमान, नाडी आणि श्वसन ज्याने मोजले त्यानेच ते लिहून खाली सही करायची असते. न पाहिलेल्या तापाचे आकडे आदल्या रकान्यावरून उतरवले जातात, हे प्रत्येक वॉर्डात सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात गेले, तर तो तक्ता पुराव्यात येतो, हस्ताक्षर आपले निघते, आणि त्या दिवशी ‘मला सिस्टरांनी सांगितले होते’ या वाक्याला कोणी विचारत नाही. सिस्टरांनी स्वतः लिहून सही केलेले आकडे संगणकात चढवणे ही गोष्ट वेगळी आहे. ते लेखनिकाचेच काम आहे आणि ते आपण अवश्य करावे. नकार देताना वाद घालण्याची गरज नाही. ‘सिस्टर, मोजलेले आकडे तुम्ही लिहून द्या, मी लगेच सिस्टिमला टाकते’ एवढे पुरे. हाच न्याय फोनला लावावा. डॉक्टर फोनवर औषधाची मात्रा सांगू लागले किंवा प्रयोगशाळेतून एखादा धोक्याचा आकडा कळवू लागले, तर ‘एक मिनिट, सिस्टरांना देते’ असे म्हणून फोन नोंदणीकृत परिचारिकेच्या हाती द्यावा. तोंडी आदेश ऐकून, लिहून, पुन्हा वाचून दाखवण्याची जबाबदारी तिची आहे आणि त्यासाठी तिने शिक्षण घेतले आहे.

आपण त्यांचे तक्ते भरायचे आणि त्यांनी मात्र आपल्याला आपल्या मर्यादेची आठवण करून द्यायची, ही विसंगती आपल्याला बोचते आहे, आणि ती बोचणे योग्यच आहे. परंतु तिचे मूळ सिस्टरांच्या स्वभावात जेवढे आहे, त्याहून जास्त ते आपल्या रुग्णालयाच्या कारभारात आहे. आपले काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे तेथे कोणी लिहूनच ठेवलेले दिसत नाही. ज्या कामाला लेखी हद्द नसते, ते काम शेजारच्या प्रत्येकाला आपल्या सोयीचे वाटते आणि चूक झाली की तिचा धनी मात्र ते काम करणाराच ठरतो. फिजिओथेरपिस्ट किंवा एक्स-रे तंत्रज्ञ यांना कोणी टीपीआर भरायला सांगत नाही, कारण त्यांचे काम काय आहे याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. म्हणून माझा सल्ला असा, की मान मागण्यात शक्ती खर्च करू नये; कामाची लेखी व्याख्या मागावी. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या रुग्णालयाला प्रत्येक कर्मचाऱ्याच्या कामाचे स्वरूप लेखी ठेवावेच लागते. आपले रुग्णालय त्या वाटेवर नसले, तरी तसा कागद मागण्याचा आपला अधिकार कमी होत नाही.

सिस्टरांची बाजूही मी मांडली पाहिजे, नाहीतर हा सल्ला एकांगी होईल. कोकणातील खासगी रुग्णालयांत परिचारिका टिकत नाहीत. मुंबई, गोवा आणि आखात त्यांना ओढून नेतात. मागे राहिलेल्यांवर दुप्पट रुग्णांचा भार पडतो. रात्रपाळीत क्लार्क नसतो, तेव्हा औषधांचे इंडेंट (मागणीपत्र), नव्या रुग्णाची फाईल, अपघात किंवा सर्पदंशाच्या रुग्णाची पोलिसांना द्यायची सूचना, हे सारे त्याच करतात आणि मधल्या वेळेत सलाईन बदलतात. डॉक्टर त्यांना नातेवाइकांसमोर बोलतात, नातेवाईक डॉक्टरांचा राग त्यांच्यावर काढतात, आणि मग हा राग उतरणीला लागून आपल्या टेबलापाशी येऊन थांबतो. तो आपण का सोसावा, याला समर्थन नाही. पण तो कोठून येतो हे कळले, की प्रत्येक शब्द स्वतःच्या योग्यतेवर घ्यावासा वाटत नाही. शिवाय फाईलमधील नोंदीखाली सही त्यांची असते आणि परिचारिकांच्या नोंदणी परिषदेपुढे जाब त्यांनाच द्यावा लागतो, त्यामुळे फाईल जागेवर दिसली नाही की त्यांचा जीव खालीवर होतो. फाईल आपटण्यामागे पुष्कळदा उद्दामपणापेक्षा ही भीतीच असते.

रिपोर्ट हरवल्याची बोलणी थांबवण्यासाठी एक साधी वही पुरेल. प्रयोगशाळा, एक्स-रे किंवा सोनोग्राफी यांच्याकडून आलेल्या प्रत्येक कागदाची तारीख, वेळ, आयपी नंबर आणि तो फाईलला लावला की कोणाच्या हाती दिला, हे तीत लिहावे आणि हाती दिला असेल तर सही घ्यावी. सुरुवातीला सही करायला सिस्टर कुरकुर करतील. ही वही त्यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी आहे असे त्यांना वाटू नये, म्हणून ती इन्चार्ज सिस्टरांना दाखवून, त्यांच्या संमतीने आणि शक्य तर त्यांच्याच हस्ताक्षरात पहिले शीर्षक घालून सुरू करावी. कागद आलाच नव्हता, की आला आणि राउंडमध्ये डॉक्टरांच्या खिशात गेला, हे वही उघडताच कळते. (दुसरा प्रकार वाटतो त्याहून अधिक वेळा घडतो.)

डिस्चार्जच्या उशिराचे प्रकरण मात्र थोडे खोल आहे. रुग्णाच्या घरच्यांना शेवटची एस.टी. गाठायची असते, नाहीतर रिक्षाला हजार रुपये मोजावे लागतात. ‘गो बाय, माजो कागद झालो काय?’ म्हणून एखादी आजी चौथ्यांदा विचारायला येते, ती आपल्याकडे येते, विमा कंपनीकडे जात नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये असे बंधन घातले, की रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांच्या आत कॅशलेसची अंतिम मंजुरी दिली गेली पाहिजे. पण ही घड्याळाची टिकटिक विनंती गेल्यावर सुरू होते आणि विनंती जाते ती फाईल पूर्ण झाल्यावर. डिस्चार्ज समरीवर डॉक्टरांची सही नाही, औषधे फार्मसीला परत गेलेली नाहीत, परिचारिकेची अखेरची नोंद अपुरी आहे, यांपैकी एकही गोष्ट आपल्या हातात नाही. तरीही ती अपूर्ण आहे हे सर्वांत आधी आपल्यालाच दिसते. म्हणून आदल्या संध्याकाळी, उद्या ज्यांचा डिस्चार्ज अपेक्षित आहे त्यांच्या फाईलींत काय उणे आहे याची चिठ्ठी इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलावर ठेवून घरी जावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णांबाबत तर ही चिठ्ठी अधिक महत्त्वाची आहे, कारण तेथे आधार आणि शिधापत्रिकेवरील नावांतला फरक ऐन वेळी निघाला, की योजनेचा रुग्णालयातील मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्रही, हतबल होतो आणि पाच लाखांचे संरक्षण कागदावर असूनही घरच्यांना पैशाची जुळवाजुळव करावी लागते.

ही चिठ्ठी रात्रपाळीच्या सिस्टरांसाठीही लिहावी. कोणाचा कोणता रिपोर्ट यायचा आहे, कोणाची योजनेची पूर्वमंजुरी बाकी आहे आणि रक्तपेढीला पाठवलेल्या मागणीचे काय झाले, एवढ्या चार ओळी पुरतात. सकाळी पाळी बदलताना जे हस्तांतर होते, त्यात दहा मिनिटे उभे राहण्याची परवानगीही मागावी. मी पाहिलेल्या वॉर्डांत क्लार्कविषयी सिस्टरांचे बोलणे बदलले, ते बहुधा अशा उभे राहण्याने बदलले. समजावून सांगण्याने बदललेले मला फारसे आठवत नाही.

हाकेविषयी आपण लिहिले आहे, ते क्षुल्लक समजू नका. वॉर्डात सफाई करणारी बाई सर्वांची मावशी असते, वॉर्डबॉय मामा असतो, आणि आपल्याला मात्र हुद्द्याने किंवा ‘ए’ने बोलावतात. येथे उपाय सोपा आहे, पण तो आपणच करायला हवा. ज्या सिस्टर त्यातल्या त्यात समजूतदार आहेत, त्यांना एकटीने गाठून ‘मला माझ्या नावाने हाक मारा, बरे वाटेल’ असे सरळ सांगावे आणि ओळखपत्रावर नाव मोठ्या अक्षरांत छापून घ्यावे. वयाने मोठ्या सिस्टरांनी एकेरी बोलावले, तर ते मनाला लावून घेऊ नये. आपल्याकडे त्यात पुष्कळदा मायाही असते. फाईल आपटण्याचा प्रकार मात्र वेगळा. तो पुन्हा घडला, तर त्या वेळी गप्प राहावे, पाळी संपल्यावर त्या सिस्टरांशी एकांतात बोलावे, आणि तिसऱ्या वेळी तारीख-वेळ घालून मेट्रनकडे (सर्व परिचारिकांच्या प्रमुखांकडे) लेखी तक्रार करावी. नातेवाइकांसमोर केलेल्या अपमानाची दाद नातेवाइकांसमोरच मागू नये. त्यात रुग्णालयाचे हसे होते आणि आपलेही.

केकच्या बाबतीत मला हसूही आले आणि वाईटही वाटले. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. त्या जितक्या परिचारिका होत्या तितक्याच आकडेवारीच्या अभ्यासक होत्या. क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंच्या नोंदी मांडूनच त्यांनी ब्रिटिश सरकारला लष्करी रुग्णालये सुधारायला लावली, आणि सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात यासाठी १८६० च्या सुमारास आग्रह धरला. नोंदवही सांभाळणारीला त्यांच्या वाढदिवशी केकबाहेर ठेवणे त्यांना पटले नसते. अमेरिकेत वॉर्ड क्लार्कना ‘हेल्थ युनिट कोऑर्डिनेटर’ म्हणतात, तेथे त्यांची राष्ट्रीय संघटना १९८० मध्ये स्थापन झाली आणि २३ ऑगस्ट हा त्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. तो येथे आणावा असे मी म्हणणार नाही. आपल्या रुग्णालयांत दिवस पुष्कळ साजरे होतात. पुढच्या वर्षी फोटो काढायला सांगितले, तर काढावा, आणि मग फोन मामांच्या हाती देऊन ‘आता माझ्यासह एक’ असे म्हणावे.

आपल्या कामाला किंमत आहे का, या प्रश्नाचे उत्तर मी आपल्या टेबलावरून जाणाऱ्या दोनच कागदांवरून देते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि घटना एकवीस दिवसांत कळवावी लागते. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आधार ठरला. प्रसूतीच्या दिवशी आपण आईचे नाव एका वेलांटीने चुकवले, तर ते मूल पंचवीस वर्षांनी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवील. दुसरा कागद मृत्यूचे कारण प्रमाणित करणारा. तो डॉक्टरांनी भरायचा असतो, पण रिकाम्या रकान्यानिशी तो पुढे गेला की कोठे अडकतो हे आपल्याला माहीत आहे, आणि तो अडकला की विधवेची निवृत्तिवेतनाची व विम्याची कामे अडकतात. याखेरीज रुग्णाने मागितल्यास उपचारांच्या नोंदी ७२ तासांत देणे आणि आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर व्यावसायिक नियमांनी बंधनकारक आहे. ते बंधन प्रत्यक्षात कोण पाळते हे मी सांगायला नको.

नोकरी सोडण्याविषयी. केवळ या वॉर्डातील बोलण्याला कंटाळून सोडू नये. पण वाढीची वाट नसेल तर राहूही नये. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र वर्ग मान्य करण्यात आला, ज्यात वैद्यकीय अभिलेखांचे काम येते. सिंधुदुर्ग, अलिबाग आणि रत्नागिरी येथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत आणि अशा संस्थांना अभिलेख विभाग चालवणारी माणसे लागणारच. वैद्यकीय अभिलेख तंत्रज्ञानाचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आपण केला, तर चार वर्षांच्या अनुभवाला आधार मिळेल. अभ्यासक्रम निवडताना त्याला कोणत्या संस्थेची मान्यता आहे ते आधी तपासावे. रुग्णालय व्यवस्थापनाच्या नावाखाली नुसती प्रमाणपत्रे विकणाऱ्या शिकवण्याही आहेत.

तूर्त एक अर्ज लिहावा, एका पानाच्या आत. त्यात कोणाचीही तक्रार नसावी. ‘वॉर्ड क्लार्क या पदाच्या कर्तव्यांची लेखी यादी मिळावी; रुग्णाच्या प्रकृतीच्या नोंदी व तोंडी वैद्यकीय आदेश घेणे ही कामे या पदाकडे नसल्याचे त्यात स्पष्ट असावे; रिपोर्ट आवक वही ठेवण्यास व सकाळच्या हस्तांतरास उपस्थित राहण्यास अनुमती असावी,’ एवढाच मजकूर पुरे. अर्ज प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या नावे असला, तरी आधी तो मेट्रनना वाचायला द्यावा. आपल्या पाठीमागून वर गेलेला कागद कोणत्याही मेट्रनला आवडत नाही, आणि त्यांनी त्यावर दोन शब्द शिफारशीचे लिहिले, तर आपले निम्मे काम तेथेच होईल. पोचपावतीची प्रत जपून ठेवावी.